बाकी

मी उर्दू आणि मराठी, दोन्ही भाषा शिकवते. दोन्हीकडे थोड्याफार फरकाने चालणारे शब्द मुलांना शोधायला सांगितले, की सगळ्यात जास्त शब्द बाजारातले निघतात. दुकान, माल, नफा, हिशेब, जमा, खर्च, सराफ, दलाल, बाकी. मुलांना वाटतं, मराठवाड्यात १९४८ पर्यंत निजामाचं राज्य होतं म्हणून हे शब्द आले. पण शिवकाळातल्या मराठी कागदपत्रांतही असे शब्द आहेत. देवघेव करता करता माणसं एकमेकांची भाषा शिकली, एवढं मी त्यांना सांगते.

हे आज लिहावंसं वाटलं, कारण ज्या पायरीवर ही देवघेव चालायची ती पायरीच आता रिकामी दिसते. धाराशिवच्या जुन्या भागात, काळा मारुती आणि नेहरू चौकाच्या बाजूला, एकाला एक लागून किराणा, कापड, भांडी, बांगड्या, अत्तर अशी दुकानं. एका पिशवीत संसार भरायचा. आता शहराबाहेर पडणाऱ्या रस्त्यांवर प्रशस्त मार्ट आणि शोरूम झालीत. गाडी लावायला जागा, डोक्यावर पंखा, हातात ढकलगाडी. त्याहून मोठी खरेदी असली तर सोलापूर सुमारे ७० किलोमीटर. लग्नाचा बस्ता बांधायला लोक पूर्वीही सोलापूरला जायचे. आता मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा सणाचे साधे ड्रेस घ्यायलाही मायलेकी सकाळच्या गाडीने जातात आणि संध्याकाळी परत येतात.

यात वाईट काही नाही, हे आधी सांगते. मार्टमध्ये भाव छापलेला असतो, घासाघीस नाही. बुरख्यातली बाई असो की नऊवारीतली आजी, कुणी "काय पाहिजे, लवकर सांगा" म्हणत नाही. काउंटरवर आमच्याच शाळांतून शिकलेल्या मुली बसतात, त्यांना चार पैसे मिळतात. जुन्या बाजारात बाईला तासभर थांबायचं म्हटलं तरी स्वच्छतागृह शोधावं लागतं. मग ती तिथे का थांबेल?

पण बाजार बाहेर गेला तेव्हा भावासोबत आणखी एक गोष्ट गेली. ती मला आमच्या जुन्या गल्लीतल्या शेठजींनी समजावली.

माझे अब्बा शिलाईकाम करायचे. लग्नसराई, ईद, दिवाळी एवढ्याच दिवसांत हातात पैसा. बाकीचे महिने अम्मी मला शेठजींकडे पाठवायची. "खात्यावर मांडा म्हणावं," एवढाच निरोप. ते लाल कापडी बांधणीची वही काढत, मांडत. ईदनंतर अब्बा जाऊन हिशेब करून येत. व्याज कधी लावलं नाही. कधी चारचौघांत "मागचं कधी देणार?" असंही ऐकावं लागे, तेही खरं. पण रमजानमध्ये आमच्या घरी शेवया आणि खजूर आले नाहीत असं एकही वर्ष मला आठवत नाही.

मागच्या वर्षी त्यांना सहज म्हणाले, "शेठजी, वही दिसत नाही हल्ली." ते हसले. म्हणाले, "बाई, उधारी मी कुठे देत होतो? तुम्ही पगारवाले देत होता. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मास्तर, तलाठी, बँकवाले रोखीने किराणा भरायचे. त्या रोकडीवर मी मोंढ्यातून माल उचलायचो आणि तोच माल मजुराला खात्यावर द्यायचो. आता रोखीवाले बाहेर जातात. माझ्याकडे येतो तो फक्त उधारीवाला. एकट्या उधारीवर दुकान किती दिवस चालणार?"

हे मी अर्थशास्त्राच्या कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. पगारदाराचं रोख आणि मजुराची उधारी एकाच गल्ल्यात पडायची, म्हणून दोघांची चूल पेटायची. आता गल्ले वेगळे झाले. मार्टमध्ये स्कॅनर आहे, खातं नाही. ज्याच्या हातात महिनाअखेरीला पैसे नाहीत, त्याच्यासाठी उरतं ते आठवड्याच्या हप्त्याचं कर्ज, आणि त्याला व्याज असतं.

असं आपल्याकडेच घडतंय असं नाही. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ डडली नावाचं जुनं गाव आहे. तिथून काही मैलांवर बंद पडलेल्या पोलाद कारखान्यालगत १९८० च्या दशकात मेरी हिल नावाचं प्रचंड खरेदी केंद्र उभं राहिलं. डडलीतली नावाजलेली दुकानं तिकडे गेली आणि गावाचा मधला भाग ओस पडत गेला. १९९६ मध्ये तिथल्या सरकारने नियोजनाचं धोरण कडक केलं: मोठं दुकान काढायचं तर आधी गावाच्या मध्यात जागा बघा, नसेल तर कडेला, आणि तिथेही नसेल तरच बाहेर. डडलीपुरता तरी हा शहाणपणा उशिरा आला. शिवाय तिथे गावं श्रीमंत आहेत. आपल्याकडे प्रश्न पोटाचा आहे.

कारण हा दुष्काळी जिल्हा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, त्या गाड्या आमच्याच जिल्ह्यातून गेल्या. पाण्याचे टँकर सगळ्यांनी पाहिले, त्यांचे फोटो छापून आले. पण सोयाबीन हातचं गेल्यावर मजुराच्या घरात पीठ कुठून आलं, याचा फोटो कुणी काढला नाही. ते बऱ्याच घरांत गल्लीतल्या वहीतून आलं. देणारा मारवाडी, घेणारा मोमीन; देणारा बागवान, घेणारा मराठा. हल्ली कुणाच्या दुकानात जावं आणि कुणाच्या जाऊ नये, असे संदेश फोनवर फिरतात. अशा दिवसांत तर ती वही मला जास्तच आठवते. त्या वहीत पानाच्या वर नाव असायचं आणि खाली रक्कम. धर्माचा रकाना नव्हता.

मार्ट बंद करा असं मी म्हणणार नाही, आणि म्हटलं तरी ती होणार नाहीत. जुन्या बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह, दुचाकी लावायला जागा आणि चालायला मोकळी कड मिळाली, तर निम्मं गिऱ्हाईक आपण होऊन परत फिरेल. ते होईपर्यंत आमच्या घरी एक सोपा नियम आहे. साबण, तेल, डबाबंद वस्तू बाहेरून. डाळ, तांदूळ, गूळ, मसाला शेठजींकडून, तोही पहिल्या आठवड्यात आणि रोखीने. किलोमागे चार-दोन रुपये जास्त जातात, तेवढे जाऊ देते.

पुढचा दुष्काळ कधी येईल, कुणाला ठाऊक. तो आला की मजुराची लेक पिशवी घेऊन मार्टच्या काचेच्या दारातून आत जाणार नाही. ती गल्लीतल्या दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहील. तेव्हा आत माणूस असायला हवा, आणि त्याच्या गल्ल्यात थोडं रोखही.