म्हैसूरच्या तळ्याकाठी धावताना

मुलाच्या शाळेला नाताळची सुट्टी लागली की आमच्या घरात सहलीचे वारे वाहू लागतात. या खेपेस म्हैसूर ठरले. सगळे खूश, मी मात्र मनातून खट्टू. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईची मॅरेथॉन होती. २००४ पासून भरणाऱ्या या शर्यतीतल्या अर्ध्या पल्ल्यासाठी, म्हणजे २१.०९७ किलोमीटरसाठी, मी सहा महिने पहाटे उठत होते आणि सरावातला सोळा किलोमीटरचा शेवटचा मोठा पल्ला नेमका सहलीच्या आठवड्यात येत होता.

त्यात उजवी टाच कुरकुरत होती. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकले की खिळा टोचल्यासारखे होई. थोडे चालले की कमी. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो, तो दुखावल्याची ही खूण. पोटऱ्या आखडलेल्या असल्या तर त्याच्यावर आणखी ताण येतो. पुण्याहून जवळजवळ वीस तास गाडीत बसून म्हैसूरला उतरले, तेव्हा माझ्या पोटऱ्या लाकडासारख्या झाल्या होत्या.

चामुंडीवरचे शहाणपण

दुसऱ्या दिवशी पहाटे मी अतिशहाणपणा केला. चामुंडी टेकडीला हजारएक पायऱ्या आहेत. त्या भराभर चढले की बुडालेल्या सरावाची भरपाई होईल, असा माझा हिशेब. सातशेव्या पायरीच्या आसपास सतराव्या शतकातला एकसंध दगडाचा प्रचंड नंदी बसला आहे. त्याच्या गळ्यात कोरलेल्या घंटांच्या माळा बघण्यासारख्या. नवरा आणि मुलगा तिथेच धापा टाकत टेकले, मी मात्र देवळापर्यंत गेले. उतरताना प्रत्येक पायरी टाचेत ठणकू लागली आणि खाली पोचले ती लंगडतच.

"अगं, पाय काय भाड्याने आणलाय का?" सासूबाई म्हणाल्या.

उत्तर नव्हते. लॉजवाल्याला सांगून पाण्याची बाटली गोठवून घेतली आणि मोजा घालून ती दहा-पंधरा मिनिटे तळव्याखाली घोळवली. भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणल्या. पर्समध्ये वेदनाशामक गोळी होती. ती घेऊन धावावे, असा मोह झाला, खरे सांगते. पण गोळीने दुखणे झाकले जाते आणि पाय नको तितका ताणला जातो. गोळी तशीच ठेवली. दुसरा दिवस राजवाडा, बाजार आणि मसाला डोसा यांत घालवला. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी राजवाड्यावर लागणारे लाखभर दिवे मी एका जागी बसून, निवांत पाहिले. धावण्याच्या नादात सहलीला आलो आहोत, हेच विसरले होते.

तळ्याची एक फेरी

कुक्करहळ्ळी तळ्याचा पत्ता लॉजवाल्यानेच दिला. मानसगंगोत्री या विद्यापीठाच्या परिसराला लागून हे तळे आहे. परिसराला हे नाव कुवेंपूंनी दिले. ते या विद्यापीठाचे कुलगुरू होते. तळ्याभोवती सावलीची, बरीचशी मातीची वाट आहे. तिची फेरी साडेचार-पाच किलोमीटरची. डांबरापेक्षा ही माती पायाला कितीतरी मऊ लागते. पाण्यातल्या झाडांवर झोळीवाले पेलिकन, पंख वाळवत बसलेले पाणकावळे. आणि काठाने कानटोपी घातलेले आजोबा-आजी झपाझप चालताहेत. डिसेंबरातली ती गार हवा धावायला अगदी सोन्यासारखी.

मी पाच मिनिटे धावायचे, दोन मिनिटे चालायचे, असे ठरवले. मनाशी एक कसोटीही बांधली: दुखणे धावताना वाढले, किंवा चाल लंगडी झाली, तर तिथेच थांबायचे. एक फेरी पुरी झाली. दुसरीचा मोह आवरून मी बाकावर सासूबाईंशेजारी जाऊन बसले. पुढचे दोन दिवसही एकेकच फेरी. सोळा किलोमीटर राहिले ते राहिलेच. त्याची चुटपुट लागली, पण आठ-दहा दिवस सराव कमी झाल्याने दमसास फारसा घटत नाही. दुखऱ्या टाचेवर हट्टाने पळाले असते तर कदाचित महिनोन्‌महिने घरी बसावे लागले असते.

टाच सुजली, हाडावर एकाच जागी बोट लावताच कळ आली किंवा रात्री स्वस्थ पडल्यावरही ठणका राहिला, तर मात्र बाटली-बिटली सोडून थेट हाडांच्या डॉक्टरांकडे जावे. माझे तेवढ्यावर निभावले. जानेवारीत शर्यत पुरी केली. मधे चार वेळा चालले, ठरवलेल्या वेळेपेक्षा अठरा मिनिटे जास्त लागली. शेवटच्या रेषेजवळ मुलगा ओरडत होता, "आई, लंगडू नकोस!" मी लंगडत नव्हते, फक्त दमले होते.

म्हैसूरला जाल तेव्हा धावण्याचे बूट पिशवीत न कोंबता पायातच घालून निघा, जागा वाचते. गाडीत दर दोन तासांनी उठून डब्यात एक फेरी मारा. तळ्याच्या फाटकाची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या. आणि चामुंडीच्या पायऱ्या चढायच्याच असतील तर जरूर चढा, खाली मात्र बसने या.