नवाबाचा उपवास

मागच्या हिवाळ्यात आमच्या कोंढव्याच्या घरात एक जण सहा आठवडे जेवला नाही. तो म्हणजे धाकट्याचा पाळीव रॉयल पायथन, आफ्रिकेतला छोटा अजगर. मित्र शिकायला परदेशी गेला आणि हा आमच्याकडे आला. खाण्याचे नखरे पाहून सासूबाईंनी त्याचं नाव ठेवलं 'नवाब'.

मुलांच्या अब्बांचा पहिला प्रश्न होता, "हे कायद्यात बसतं का?" प्रश्न रास्त होता. आपल्याकडचा नाग, धामण किंवा अजगर घरी पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. नवाब परदेशी जातीचा असला तरी त्याचीही सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. धाकट्याने ती आधी केली, मगच पेटी घरात आली.

नवाब विषारी नाही. घाबरला की डोकं आत घेऊन चेंडूसारखा गुंडाळून बसतो. त्याला लागतो उंदीर, गोठवलेला आणि नंतर कोमट केलेला. त्यासाठी मी वेगळा छोटा फ्रीजर घ्यायला लावला. स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये ते चालणार नाही, हे मी निक्षून सांगितलं होतं.

दर आठवड्याला धाकटा चिमट्याने उंदीर पुढे धरायचा. नवाब जीभ लपलपवायचा आणि तोंड फिरवायचा. कुणी म्हणालं, तोंड उघडून कोंबा. कुणी म्हणालं, जिवंत उंदीर सोडा. शेवटी अब्बा वैतागले, "कात्रजच्या डोंगरात सोडून ये." धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं. परक्या मुलखातलं जनावर इथे सोडलं, तर एक तर ते मरेल, नाहीतर इथल्या जिवांना त्रास होईल.

मला लहानपणी ऐकलेली हदीस आठवली. एका बाईने मांजर कोंडलं. स्वतः खायला दिलं नाही आणि बाहेर जाऊन खाऊही दिलं नाही. त्याबद्दल तिला अजाब झाला. आम्ही तर नवाबाला सोडूही शकत नव्हतो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. वजन १,२०० ग्रॅमवरून १,१६० झालं होतं. डॉक्टर म्हणाले, "निरोगी, मोठा रॉयल पायथन काही महिनेही उपाशी राहू शकतो. वजन दहा टक्क्यांनी उतरलं तर लगेच या. जबरदस्ती करू नका, इजा होईल. जिवंत उंदीर तर उलट त्यालाच चावेल." मग विचारलं, "पेटी कुठे ठेवलीय?"

पेटी हॉलमध्ये, खिडकीपाशी, टीव्हीच्या शेजारी होती. पुण्यातली डिसेंबरची थंडी, त्यात बिल्डिंगमधली मुलं येऊन काचेवर टकटक करायची. मुळात हा प्राणी दिवसा बिळात, वारुळात दडून राहणारा. अंगाला ऊब नसेल तर त्याला खाल्लेलं पचतही नाही. नखरे कसले, बिचारा गारठला आणि भेदरला होता.

पेटी आतल्या खोलीत हलवली. एका बाजूला थर्मोस्टॅट लावून ३२ अंशांची ऊब ठेवली, दुसरी बाजू थोडी थंड. दोन्हीकडे अंग घासेल इतकी अरुंद लपायची जागा केली. तीन बाजूंना कागद लावला. दहा दिवस कुणी हात लावला नाही, फक्त पाणी बदललं.

अकराव्या दिवशी इशाच्या नमाजनंतर धाकट्याने दिवा मालवला आणि गरम पाण्यात पिशवी ठेवून कोमट केलेला उंदीर पुढे धरला. मी दारातून पाहत होते. काही वेळ काहीच हललं नाही. मग एक झटका, आणि नवाबाने वेटोळं घातलं. धाकटा हळूच म्हणाला, "अम्मी, घेतला!" माझ्या तोंडून निघालं, "अल्हम्दुलिल्लाह."

ही जात पाळली तर वीस-तीस वर्षं जगते. मूल हट्ट करतं तेव्हा हे कुणी सांगत नाही. धाकटा आता नोकरीसाठी बेंगळुरूला गेलाय. जाताना म्हणाला, "अम्मी, नवाब तुझ्याकडे अमानत." कॅलेंडरवर त्याच्या जेवणाच्या तारखेला मी खूण करते. पाणी मात्र रोज सकाळी अब्बाच बदलतात.