तटाआडची हिरवळ

हैदराबादेस जाणाऱ्या मराठी प्रवाशाने काय पाहावे, हे जणू आधीच ठरलेले असते. चारमिनार, सालारजंग संग्रहालय, हुसेनसागर आणि शेवटी गोवळकोंड्याचा किल्ला. आम्हीही पूर्वी दोनदा हाच फेरा घातला होता. किल्ल्याच्या दरवाजाशी टाळी वाजवायची, तिचा नाद वर बालाहिसारापर्यंत पोहोचतो याचे कौतुक करायचे, आणि पायऱ्या चढून थकलो की खाली उतरून चहा घ्यायचा. या खेपेस मात्र काचीगुड्यातील आमच्या एका जुन्या स्नेह्यांनी आम्हांस अडवले. त्यांच्या घराण्याची चौथी पिढी या शहरात नांदते आहे. ते म्हणाले, "किल्ला पाहिलात, पण नवा किल्ला पाहिलात का?" आम्ही नाही म्हणताच ते हसून म्हणाले, "मग उद्या पहाटे तयार राहा. नवा किल्ला दाखवतो आणि त्याच्या पोटातले गोल्फचे मैदानही दाखवतो."

गोल्फचे नाव ऐकून आमच्यासोबतच्या मंडळींत थोडी कुजबूज झाली. हा खेळ साहेबांचा, श्रीमंतांचा. आपण तेथे जाऊन काय पाहणार? वाचकांच्या मनातही हाच प्रश्न येणे साहजिक आहे. म्हणून आधी खेळाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत.

क्रिकेटचे मैदान जगात कोठेही गेले तरी सपाट आणि गोलसर. टेनिसच्या मैदानाची मापे तर इंचांत ठरलेली. गोल्फचे तसे नाही. भोक चार इंच आणि एक चतुर्थांश रुंदीचे असावे आणि पुऱ्या डावात अशी अठरा भोके असावीत, एवढे सोडले तर मैदानाला आकार असा नसतो. टेकाड असेल तर टेकाडावरून, ओढा असेल तर ओढ्यावरून, झाड आडवे आले तर त्याला वळसा घालून खेळायचे. येथे खेळाडूचा खरा प्रतिस्पर्धी म्हणजे पायाखालची जमीन. म्हणूनच मैदान आखणाऱ्यास या खेळात शिल्पकाराचा मान आहे. स्कॉटलंडातील सेंट अँड्र्यूज येथे वाऱ्याने आणि मेंढरांनी घडवलेल्या समुद्रकाठच्या वाळवट कुरणावर हा खेळ वाढला. अठरा भोकांची प्रथाही तेथेच 1764 साली पडली. पुढे अलिस्टर मॅकेंझी नावाचे एक डॉक्टर या कलेतले आचार्य ठरले. दक्षिण आफ्रिकेच्या बोअर युद्धात शत्रूचे खंदक जमिनीत असे मिसळून गेलेले त्यांनी पाहिले की, नेमके कोठे काय आहे ते कळेना. मैदानावर माणसाने केलेली रचनाही अशीच निसर्गाशी एकजीव झाली पाहिजे, असा सिद्धांत त्यांनी मांडला. चांगल्या मैदानाची ओळख एवढीच, की ते तेथे नव्याने आणून ठेवल्यासारखे दिसू नये.

ही कसोटी मनात धरून आम्ही पहाटे निघालो. गावाची गर्दी अजून जागी व्हायची होती. बंजारा दरवाजाच्या बाजूने आत शिरताच उजेड फुटला, आणि समोर जे दिसले ते पाहून आमच्या मंडळींची कुजबूज एकदम थांबली. काळ्याकरड्या तटाच्या कुशीत हिरवळीचे पट्टे उलगडत गेले होते. मागे बालाहिसाराची टेकडी धुक्यातून डोके काढीत होती. मधूनमधून ग्रॅनाइटच्या प्रचंड शिळा, कोणी राक्षसाने खेळता खेळता टाकून दिलेल्या गोट्यांसारख्या पडल्या होत्या. दूर कोणी एकटा गृहस्थ काठी उगारून उभा होता. चेंडूचा टणत्कार झाला, आणि क्षणभराने तटावरून त्याचा क्षीण पडसाद आला.

हा नवा किल्ला नवा कसा, हे आमच्या स्नेह्यांनी चालता चालता सांगितले. 1656 साली दख्खनचा सुभेदार असलेल्या औरंगजेबाने गोवळकोंड्यास वेढा घातला. तटाबाहेर एक टेकाड होते. तेथून किल्ल्यावर मारा करता येई. अब्दुल्ला कुतुबशहाची आई हयातबक्षी बेगम हिने पुढे होऊन तह घडवला आणि त्या वेळी राज्य वाचले. परंतु टेकाडाचा धडा कुतुबशहा विसरला नाही. त्याने तट पुढे वाढवून ते टेकाडच आत घेतले. हाच तो नवा किल्ला. एवढे करूनही 1687 साली आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर किल्ला पडला, आणि तो तट फोडून नव्हे, तर आतून दरवाजा उघडला गेल्यामुळे. त्याआधी दहाच वर्षे, 1677 साली, शिवाजी महाराज कर्नाटकाच्या मोहिमेवर निघताना भागानगरास येऊन अबुल हसन कुतुबशहास भेटून गेले होते. ज्या तटावर कधी काळी तोफा होत्या त्याच्या पायथ्याशी आज पांढरा चेंडू घरंगळतो, हे पाहून आम्हांस स्कॉटलंडच्या राजाचे स्मरण झाले. त्याने 1457 साली गोल्फवर बंदी घातली होती. कारण लोक चेंडूच्या नादी लागून धनुर्विद्येचा सराव विसरले होते! तेथे युद्धासाठी खेळ बंद झाला, येथे युद्ध संपले आणि खेळ सुरू झाला.

आता मैदानाच्या आखणीकडे वळू. हैदराबाद गोल्फ असोसिएशनचे हे अठरा भोकांचे मैदान आहे, आणि देशातील व्यावसायिक खेळाडूंच्या गोवळकोंडा मास्टर्स स्पर्धेमुळे खेळणाऱ्यांना ते ठाऊकही आहे. पण दिल्ली, कलकत्ता, बंगळूर येथील मैदानांचा जसा बोलबाला होतो तसा याच्या रचनेचा होत नाही. आमच्या मते तो व्हावयास हवा. येथील काही पट्टे तटाच्या कडेने जातात. समोर मोकळी जागा दिसते म्हणून जोरकस फटका मारावा, तर पुढे शिळा उभी. शिळा टाळून सुरक्षित बाजूने जावे, तर अंतर वाढते आणि पुढचा फटका अवघड कोनातून घ्यावा लागतो. खेळाडूस दर वेळी असे दोन रस्ते दिसावेत आणि त्याने आपल्या बळाप्रमाणे व विवेकाप्रमाणे एक निवडावा, हेच उत्तम आखणीचे मर्म होय. येथे हे दोन रस्ते कोणी खर्च करून बांधले नाहीत. दख्खनच्या शिळांनी आणि कुतुबशहाच्या गवंड्यांनी ते आधीच घालून ठेवले होते. स्कॉटलंडात नॉर्थ बेरिक येथे एका पट्ट्यात जुनी दगडी भिंत हिरवळीच्या ऐन पुढ्यात आडवी येते. कोणी ती पाडली नाही. तिच्यावरून चेंडू कसा टाकावा हेच तेथले कौशल्य मानतात. गोवळकोंड्यास ही गोष्ट भव्य प्रमाणात आहे.

याच शहरात गच्चीबावलीकडे आणखी एक मैदान आहे. पीटर हॅराडिन या आंतरराष्ट्रीय ख्यातीच्या रचनाकाराने ते आखले असून त्याचे नावच शिळांवरून बोल्डर हिल्स असे ठेवलेले आहे. दख्खनचा हा ग्रॅनाइट सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा. हैदराबादेत इमारतींसाठी या शिळा सुरुंगांनी उडवल्या जात असता, एखाद्याने त्या जागच्या जागी राखून त्यांच्याभोवती खेळ मांडावा, हे काही थोडे नव्हे. पण तेथील शेजार काचेच्या उंच इमल्यांचा; नव्या किल्ल्यात शेजार साडेतीन शतकांचा.

चालता चालता आम्ही एका झाडापाशी आलो आणि थबकलो. झाड कसले, तो एक करडा डोंगरच होता. स्थानिक लोक त्यास हत्तियाँ का झाड म्हणतात, आणि खोडाची सुरकुतलेली कातडी पाहिली की नावाचे कारण विचारावे लागत नाही. ही आपली गोरखचिंच. मुंबई-वसईकडील वाचकांस ती परकी नाही. मूळची आफ्रिकेची, समुद्रामार्गे आपल्याकडे आलेली. येथील झाडाचा घेर सत्तावीस मीटरांहून अधिक असून वय चारशे वर्षांच्या घरात असल्याचे सांगतात. खोड आतून पोकळ आहे. त्यात चाळीस चोर लपून बसत, अशी कथा आहे. जवळच मुल्ला खयाली या कुतुबशाही काळातील कवीच्या नावाची जुनी मशीद आहे. आमच्याबरोबरची लहान नात झाडाच्या खोडास गाल लावून उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, हे झाड गोल्फ खेळते का?" आमचे स्नेही म्हणाले, "नाही गं बाळ, ते फक्त खेळणाऱ्यांना येताना-जाताना पाहते."

त्या उत्तरात आमच्या मते सगळ्या प्रश्नाचा गाभा आला. कारण या मैदानास एक दुसरी बाजूही आहे, आणि ती सांगितल्यावाचून आमचे कौतुक खोटे ठरेल. या हिरवळीखाली दुसरी एक हिरवळ पुरलेली आहे. 2014 च्या सुमारास पुरातत्त्व खात्याने नव्या किल्ल्यात उत्खनन केले, तेव्हा कुतुबशाही बागेचे अवशेष मातीतून वर आले. पाण्याचे पाट, भाजक्या मातीचे नळ, कारंजी, चालण्याच्या वाटा. ज्या काळी हैदराबादची तुलना लोक इराणातील इस्फहानशी करीत, त्या काळची ही बाग. अशा भूमीवर मैदान पसरत जावे का, यावर पुरातत्त्व खाते, इतिहासप्रेमी नागरिक आणि खेळाची मंडळी यांच्यात वर्षानुवर्षे वाद होत आला आहे. सामान्य माणसास झाड व मशीद पाहण्यास मोकळेपणाने जाता यावे, हीही मागणी त्यात आहे.

वाळूचा खड्डा हा गोल्फच्या रचनेतला अलंकार; पण जेथे मातीच्या हातभर थरात एका राज्याची स्मृती आहे, तेथे एक खड्डा म्हणजे फाडलेले एक पान होय. फाडलेले पान पुन्हा वाचता येत नाही. उलट बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. या शहरात मोकळी म्हणून राहिलेली जमीन किती दिवस मोकळी राहते, हे तलावांच्या काठी उभ्या राहिलेल्या वस्त्या पाहिल्यावर समजते. हिरवळ असल्यामुळे येथे घरे उठली नाहीत, हेही खरे. गवत उपटता येते, इमारत उपटता येत नाही. परंतु राखण करणाऱ्याने राखणीच्या बदल्यात वाडाच आपला म्हणू नये, एवढे भान राहिले पाहिजे. 2020 च्या ऑक्टोबरात झालेल्या अतिवृष्टीत गोवळकोंड्याच्या तटबंदीचे काही भाग ढासळले. पडलेल्या तटाला खेळाडू आणि पुरातत्त्ववेत्ता हा भेद ठाऊक नसतो. त्याला हात हवे असतात, ते कोणाचे का असेनात.

तेव्हा मार्ग काय? आम्ही काही या शास्त्रातले जाणकार नव्हे. पण ज्या गावाने जगास हा खेळ दिला, त्याच गावाने याचे एक उत्तरही दिले आहे. सेंट अँड्र्यूजच्या सर्वांत जुन्या मैदानावर रविवारी खेळ बंद असतो. मोठ्या स्पर्धांसारखे प्रसंग सोडले, तर त्या दिवशी ते मैदान साऱ्या गावाचे उद्यान होते. आयाबाया मुलांना घेऊन येतात, म्हातारी माणसे कुत्र्यांसह हिंडतात, जेथे आदल्या दिवशी नामांकित खेळाडू श्वास रोखून उभे होते तेथे पोरे धावतात. एरवीच्या दिवशीही गावकऱ्यांची एक जुनी वाट पहिल्या आणि अठराव्या पट्ट्यांना छेदून समुद्राकडे जाते. वाट जुनी, म्हणून थोडा वेळ खेळ थांबतो आणि माणूस जातो. तेथे कोणाचाही मान कमी झालेला नाही. उलट जगभरचे लोक त्या मैदानास तीर्थासारखे मानतात. आपण रविवारचे मोल जाणणारी माणसे. विसावा हा केवळ माणसाचा हक्क नसून जमिनीचाही आहे, आणि विसाव्याच्या दिवशी मालक व पाहुणा एकाच गवतावर बसतो, हे आपणांस निराळे सांगावयास नको.

नव्या किल्ल्यातही असे घडावे, असे आम्हांस वाटते. जेथे बागेचे अवशेष आहेत तेथून खेळाने आपणहून मागे सरावे. उरलेल्या मैदानाने तटाचा आणि शिळांचा मान राखावा. आणि आठवड्यातून एक दिवस तरी गोवळकोंड्याच्या गल्ल्यांतील पोरांनी त्या गोरखचिंचेखाली डबा उघडावा. मग या मैदानाच्या रचनेची कीर्ती व्हावी, असे आम्ही दुप्पट आवाजात म्हणू. मॅकेंझी डॉक्टरांची कसोटी आम्ही थोडी वाढवून म्हणतो, की उत्तम मैदान जमिनीत मिसळलेले असावे आणि जमिनीच्या माणसांतही.

परतताना ऊन चढले होते. आमच्या स्नेह्यांनी काठ्यांची पिशवी गाडीत ठेवली. आम्ही त्यांस विचारले, "तुम्ही येथे इतकी वर्षे खेळता. तुमची हिरवळ थोडी कमी झाली तर चालेल का?" ते लगेच बोलले नाहीत. तटाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "दोन पट्टे कमी झाले तर सोळा भोके खेळेन. तट पडला तर मात्र अठरा भोके असूनही येथे यावेसे वाटणार नाही."

गाडी बंजारा दरवाजातून बाहेर पडली. नात मागच्या काचेतून झाड दिसते का ते पाहत होती. वळण येईपर्यंत ते तटामागून दिसत होते.