वाळूच्या दोन कणांमध्ये

वाळूच्या दोन कणांमध्ये फट असते. त्या फटीत पाणी असतं. आणि त्या पाण्यात कोळंबी-कुर्ल्यांचे भाऊबंद राहतात! अहो, खरंच राहतात! खातात, जोडीदार शोधतात, अंडी घालतात, आणि हे सगळं आपण जिच्यावर बसून भेळ खातो त्याच पुळणीत! मला प्राणिशास्त्रातलं काही कळत नाही, पण सध्या भेटेल त्याला थांबवून मी हेच सांगतोय. आता तुम्ही सापडलात!

हे कोपेपॉड. त्यांच्यातलं वाळूत रमणारं घराणं हार्पॅक्टिकॉइड. लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर! त्यात सांध्यांचे पाय, मिशा, आणि कित्येकांना कपाळाच्या मधोमध एकच डोळा, तोही लाल! मादी अंड्यांची पिशवी अंगाला लावून फिरते. नर तिला मिशांनी धरतो, आणि त्यासाठी त्याच्या मिशीला खास दुमडणारा सांधा असतो. मिशीला सांधा!

पण मी वेडा झालो तो नवी जात कशी ठरवतात हे वाचून. आधी ओली वाळू पाण्यात ढवळायची, वरचं पाणी बारीक चाळणीतून गाळायचं, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली एक-एक जीव वेचायचा, आणि मग अतिबारीक सुईनं त्याचा प्रत्येक पाय सुटा करायचा, हो, अर्ध्या मिलिमीटरच्या प्राण्याचा पाय!, आणि मग तो काचपट्टीवर ठेवून काचेच्या कडा चक्क नेलपॉलिशनं बंद करायच्या, आणि मग त्या पायाचं चित्र काढायचं, केसन् केस मोजून! पाचव्या पायावर एक केस जास्त निघाला आणि तो फरक नमुन्यामागून नमुन्यात टिकला, की काळजाचा ठोका चुकतो. कदाचित नवी जात! मग एक नमुना नावानिशी संग्रहालयात जातो, पुढच्या पिढ्यांना ताडून बघायला. एवढी माया एका केसावर!

आणि ही गोष्ट तर ऐकाच. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधलं वुड्स होल. तिथली सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळा १८८८ सालची. किती शास्त्रज्ञ तिथल्या वाळूवरून चालले असतील! १९३९ साली रॉबर्ट पेनाक आणि डोनाल्ड झिन यांना तिथल्याच नोब्स्का किनाऱ्याच्या वाळूत एक फिकट, अळीसारखा कवचधारी जीव सापडला, आणि तो कुठल्याच माहीत असलेल्या गटात बसेना! नवी जात नाही, नवा गटच! १९४३ साली त्यांनी तो जाहीर केला: मिस्टॅकोकॅरिडा. विहिरीत उतरणारा माणूस दोन्ही भिंतींना पाय देतो ना, तसा हा वरच्या आणि खालच्या कणांना रेटा देत पुढे सरकतो. म्हणजे वाळूशिवाय त्याला धड चालताही येत नाही! प्रयोगशाळेच्या दारात, एवढी वर्षं, आणि कुणाला पत्ता नाही!

आपल्याकडे जे. बी. जे. वेल्स आणि जी. चंद्रशेखर राव यांनी अंदमान-निकोबारच्या किनाऱ्यांवरल्या हार्पॅक्टिकॉइडांवर १९८७ साली अख्खा ग्रंथ लिहिला. गोव्यात दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनंही वाळूतल्या या सूक्ष्म जिवांचा अभ्यास केलाय. तरी बघणारे डोळे फार थोडे, आणि पुळण केवढी!

म्हणून सांगतो, पुढच्या वेळी गुहागरला जा, हरिहरेश्वरला जा, कुठेही जा, पण ओहोटीला जा. मूठभर ओली वाळू समुद्राच्याच पाण्यात ढवळा, वरचं पाणी मलमलीतून गाळा, ते कापड पांढऱ्या बशीतल्या थोड्या समुद्राच्या पाण्यात खळबळा आणि दहापट दाखवणारं भिंग लावा. काहीतरी वळवळेल! मनसोक्त बघा, पोरांना दाखवा, आणि झालं की ते पाणी परत त्याच ओल्या वाळूत ओता!