टायर बदलायचा, पण कधी?

मोटारसायकलचा टायर कधी बदलायचा, हे मी सडक अर्जुनीत आल्यावर जितक्या जणांना विचारलं, तितकी वेगळी उत्तरं मिळाली. कार्यालयातले एक वरिष्ठ म्हणाले, "सारखा पंक्चर व्हायला लागला की समजायचं." घरमालकांचं मत असं की आतला दोरा दिसेपर्यंत टायराला काही होत नाही. पंपावर हवा भरणाऱ्या मुलाने तीन वर्षांचा हिशेब सांगितला. टायर विकणाऱ्याने गाडीकडे उभ्याउभ्या एक नजर टाकली आणि दोन्ही बदला म्हणून सांगितलं. प्रत्येक जण खात्रीने बोलत होता, आणि एकाचंही दुसऱ्याशी जुळत नव्हतं.

मी सोलापूर जिल्ह्यातली. कृषी सहायक म्हणून नेमणूक झाली आणि गोंदियाचा हा दक्षिण भाग वाट्याला आला. माझ्या गावांपैकी काहींना एसटी दिवसातून एखाददोनदाच जाते, तीही शेतकऱ्याला भेटायच्या वेळी नाही. म्हणून जुनी स्प्लेंडर घेतली आणि चालवायलाही इथेच शिकले. क्लच, गिअर, चढावरून गाडी उचलणं, हे सगळं सरावाने अंगात बसतं. टायराचं तसं नव्हतं. रोज पायाखाली असलेली ही काळी वस्तू चांगली आहे की संपली, हे कशावरून ओळखायचं, याचा मला काही केल्या थांग लागेना.

हा प्रश्न इथे का महत्त्वाचा आहे, ते मला धानाच्या रोवणीच्या दिवसांत कळलं. सोलापूरकडे पाऊस म्हणजे चार दिवस येऊन जाणारा पाहुणा. इथे जुलै उजाडला की बांध्या पाण्याने भरतात, चिखलणी सुरू होते, आणि लोखंडी केजव्हील लावलेले ट्रॅक्टर एका बांधीतून निघून रस्त्याने दुसऱ्या बांधीकडे जातात. जाताना चिखलाचे पट्टे डांबरावर सोडतात. वरून भुरभुर पाऊस असला की त्या पट्ट्यांचा साबण होतो. मातीही सगळीकडे सारखी नाही. बर्डीची माती खडेदार असते, तिच्यात चाक निदान काहीतरी धरून ठेवतं. कन्हारीची काळी चिकण माती डांबरावर पातळ पसरली की पाऊलसुद्धा ठरत नाही. कोहमाऱ्याहून नवेगावबांधकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका वळणावर माझं मागचं चाक हलकेच बाजूला सरकलं आणि परत जागेवर आलं. मी पडले नाही. पण त्या दिवसानंतर हा प्रश्न मी गप्पांत विचारायचं सोडून दिलं आणि नीट शिकायचं ठरवलं.

शिकवलं ते महामार्गालगत पंक्चरचं दुकान चालवणाऱ्या एका काकांनी. मी टायराकडे वाकून बघत होते, तर ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही नुसतं वरून पाहून राहिल्या. टायर डोळ्यानं कमी अन् हातानं जास्त पाहायचा असते जी." मग त्यांनी गाडी मधल्या स्टँडवर घेतली आणि चाक हळूहळू फिरवत मला टायराच्या कडेवरचा एक बारीकसा त्रिकोण दाखवला. काही टायरांवर त्रिकोणाऐवजी टी, डब्ल्यू, आय ही तीन अक्षरं असतात. त्या खुणेच्या सरळ रेषेत नक्षीच्या खाचेत बोट घातलं, तर तळाशी रबराचा एक छोटा उंचवटा लागतो. मी तो तोवर टायराचाच एखादा ओबडधोबड भाग समजत होते. नक्षी झिजत झिजत त्या उंचवट्याच्या बरोबरीला आली, की टायर संपला. अशा खुणा टायरावर गोल फिरून अनेक ठिकाणी असतात, आणि त्या सगळ्या बघायच्या, कारण टायर सगळीकडे सारखा झिजत नाही.

नंतर कळलं की ही नुसती कारागिराची रीत नाही, कायद्यातही आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतल्या ९४व्या नियमात टायरांच्या स्थितीविषयी सांगितलेलं आहे. नक्षीची किमान खोली दुचाकी आणि तीनचाकीसाठी ०.८ मिलिमीटर, इतर वाहनांसाठी १.६ मिलिमीटर. मला वाटलं, सुटले. आता एक आकडा हातात आला. पण पट्टीवर एका मिलिमीटरची रेघ काढून पाहिली आणि पुन्हा गोंधळले. इतक्या उथळ खाचेतून इथल्या पावसाचं पाणी कुठून जाणार?

त्यासाठी आधी नक्षी असते कशाला, हे समजून घ्यावं लागलं. माझी समजूत होती की नक्षीमुळे टायर रस्ता पकडतो. मग शर्यतीच्या मोटारसायकलींना कोरड्या ट्रॅकवर अगदी गुळगुळीत टायर लावतात, ते का? कारण कोरड्या डांबराला धरून ठेवतं ते रबर. जितकं रबर टेकेल तितकं बरं. खाचा लागतात पाण्यासाठी. चाकाखालचं पाणी बाजूला सारायला वाट पाहिजे, नाहीतर रबर आणि डांबर यांच्यामध्ये पाण्याचा थर राहतो आणि चाक त्या थरावरून निसटतं. पाऊस लागला की त्याच शर्यतींत खाचांचे टायर चढवतात. म्हणजे एप्रिलमध्ये माझा झिजलेला टायर व्यवस्थित चालत होता तो भास नव्हता. तो खरोखरच चालत होता. तोच टायर जुलैत दगा देणार होता. घरमालकांचा अनुभवही खोटा नाही, पण तो वर्षातल्या आठ महिन्यांपुरता खरा आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. कन्हारीच्या दाट चिखलात नवा टायरसुद्धा दोन फेऱ्यांत लिंपून जातो. तिथे नक्षीवर भिस्त ठेवू नये. वेग कमी करावा, पुढचा ब्रेक जपून वापरावा, फार झालं तर उतरून गाडी ढकलावी. नव्या टायराचा उपयोग ओल्या डांबरावर, पाण्याच्या पातळ थरावर. आणि आपला बहुतेक प्रवास तिथेच होतो.

म्हणून ०.८ हा आकडा मी कायद्याचा शेवटचा टोकाचा बांध मानते. माझ्यासाठी पावसाळ्याच्या तोंडाशी दोन मिलिमीटरच्या आत आलेला टायर चालणार नाही, असं मी ठरवलंय. मोजायला खास उपकरण मिळतं, पण माझ्याजवळ नाही. काडेपेटीची काडी खाचेत उभी धरायची, नखाने खूण करायची आणि शाळेच्या पट्टीवर मोजायची. काडी त्या उंचवट्यावर टेकवायची नाही, खाचेच्या खऱ्या तळाला टेकवायची, एवढं लक्षात ठेवायचं.

या मोजमापात माझा मागचा टायर मधोमध संपलेला निघाला आणि कडांना जवळजवळ नवा. आधी मला वाटलं, सरासरी काढली तर अजून चालेल. काकांनी मान हलवली. मागच्या चाकावर इंजिनाचा जोर येतो, मागे बसणाऱ्याचं वजन येतं, धानाचा कट्टा असेल तर तोही त्यावरच. महामार्गासारख्या सरळ रस्त्यावर चाक सतत मधल्या पट्टीवर धावतं. पट्टी सपाट होत जाते, मूळची गोलाई जाते, आणि वळणावर गाडी कलायला कुरकुरते. मग एकदम कलते. मी इतके दिवस मनाशी म्हणत होते की वळणं घेणं मला अजून जमत नाही. त्यातला काही भाग सपाट झालेल्या टायराचा होता, हे कळल्यावर मला फार हायसं वाटलं.

हवेचाही यात हात असतो. हवा कमी असेल तर टायराच्या भिंती सारख्या दबतात, तापतात आणि कडा झिजतात. जास्त असेल तर मधला भाग. हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासायची, कारण वीस किलोमीटर चालून आलेल्या टायरात आतली हवा तापून काटा वर दाखवतो. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या टायराला हवा जास्त लागते. किती, ते गाडीच्या माहितीपुस्तकात दिलेलं असतं. पंपावरच्या मुलाच्या अंदाजावर सोडू नये. तो बिचारा सगळ्या गाड्यांना एकच आकडा लावतो.

इथवर मला वाटत होतं की सगळा खेळ झिजण्याचा आहे. मग काकांनी टायराच्या भिंतीवरचे एका लांबट गोलातले चार अंक दाखवले. मागच्या टायरावर होतं ०८२३. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २०२३ सालचा आठवा आठवडा, म्हणजे फेब्रुवारी. पुढच्या टायरावर ४३२०. ऑक्टोबर २०२०. नक्षी मात्र पुढच्याचीच जास्त शिल्लक होती. "आता सांगा, म्हातारा कोण?" काकांनी विचारलं, आणि पुन्हा मी बुचकळ्यात.

रबर चालवल्याने झिजतं, तसं न चालवताही म्हातारं होतं. ऊन, उष्णता, हवेतला प्राणवायू आणि ओझोन त्याला हळूहळू कडक करतात. ओझोनपासून जपायला कारखान्यात रबरात मेणासारखे पदार्थ घालतात. चाक फिरताना टायर दबतो-फुगतो, तसे ते पदार्थ पृष्ठभागावर येत राहतात. महिनोन्‌महिने एका जागी उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या टायरावर म्हणूनच केसासारख्या भेगा लवकर दिसतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या घरात जातो आणि पंचायतीसमोर गाड्या दिवसभर उघड्यावर असतात. कडक झालेलं रबर ओल्या डांबरावर धरत नाही, खाच कितीही खोल असो. अनेक टायर कंपन्या सांगतात की पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्या आणि दहा वर्षांनंतर नक्षी कशीही असली तरी काढून टाका. इथल्या उन्हात मी दहाची वाट बघणार नाही.

तिसरी गोष्ट इजेची. भिंतीवर फुगा आलेला दिसला तर आतले धागे तुटलेले असतात; त्या टायराला एक दिवसही मुदत नाही. ट्यूबलेस टायराला नक्षीच्या भागात खिळा लागला तर रबरी पट्टी घालून काम भागतं, भिंतीला छेद गेला तर नाही. गुळगुळीत झालेल्या टायरावर गरम पात्याने नवी नक्षी कोरून देणारेही असतात. पैसे वाचतात म्हणून लोक करून घेतात, आणि त्यांची अडचण मला कळते. पण उरलेलं थोडकं रबर तिथे आणखी पातळ केलेलं असतं, आणि ते धाग्यांच्या अगदी जवळ येतं. हे काम कुणीच करून घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

मागचा टायर बदलायचं ठरलं तेव्हा घरमालकांनी सुचवलं, पुढचा चांगला आहे, तो मागे घाला आणि नवा पुढे. माप तर एकच. माप खरंच एक होतं, ८०/१००-१८. पण पुढच्यावर शेवटी ४७ पी लिहिलेलं, मागच्यावर ५४ पी. पी हे वेगाचं अक्षर, ताशी १५० किलोमीटरपर्यंत. आधीचा आकडा भाराचा: ४७ म्हणजे १७५ किलो, ५४ म्हणजे २१२ किलो. पुढचा टायर मागच्या ओझ्यासाठी घडवलेलाच नाही. टायराच्या भिंतीवर इतकं सगळं लिहिलेलं असतं आणि आपण सगळी माणसं ते न वाचता वर्षानुवर्षं त्यावर बसतो, याचं मला अजून नवल वाटतं.

नवा टायर गोंदियातून आणला. नागपूरजवळ बुटीबोरीला दुचाकीच्या टायरांचा मोठा कारखाना आहे, तरी दुकानातला टायर ताजा असेलच असं धरून चालता येत नाही. मी आधी चार अंक वाचले, मग किंमत विचारली. बसवताना भिंतीवरचा बाण चाकाच्या फिरण्याच्या दिशेने आहे ना, हे पाहिलं. काकांनी बजावून सांगितलं होतं की पहिले शंभर-दीडशे किलोमीटर वळणावर गाडी फार कलवायची नाही, जोरात ब्रेक मारायचा नाही. नव्या टायराचा वरचा थर चकचकीत असतो, तो घासून निघावा लागतो. त्यामुळेही टायर पावसाच्या आधी बदलायला हवा. भर पावसात नवा टायर घालून चिखलाच्या वळणावर जाणं म्हणजे पुन्हा तोच धोका.

माझ्या कामात पेरणीआधी बियाण्याची उगवणशक्ती तपासायला सांगतात. आता मे महिन्यातल्या शेतकरी बैठकीत ती सांगून झाली, की गाडीवर आलेल्यांना मी टायराचा त्रिकोण आणि चार अंक दाखवते. एका आजोबांनी आपल्या गाडीचे अंक वाचून बघितले आणि मुलाला तिथूनच फोन लावला.

पुढच्या टायराचा निर्णय राहिला होता. खोली तीन मिलिमीटरच्या वर, भेगा फक्त कडेला, आणि वय पाच वर्षांपलीकडे. मागचं चाक घसरलं तर सावरायला थोडी संधी मिळते. पुढचं घसरलं तर माणूस जमिनीवरच असतो. मृग लागायच्या आधी तोही काढणार आहे. घरमालक म्हणतात, नक्षी अजून शाबूत आहे. आहेच, पण रबरात नख रोवून बघितलं तर मागच्या नव्या टायरात ते रुततं, पुढच्यात रुतत नाही.