माझा आवडता छंद

मला गळाने मासे धरायला फार आवडते. हा छंद मला आजोबांनी लावला. ते माझ्याएवढे होते तेव्हापासून भीमेत गळ टाकतात. आमच्याकडे नदीच्या अलीकडे शिरूर तालुका आणि पलीकडे दौंड तालुका आहे.

आम्ही वेळूच्या काठीला तंगूस बांधतो. गळाला गांडूळ लावतो. तंगुसाला ज्वारीच्या धाटाचा तुकडा बांधतो. तो पाण्यावर तरंगतो. तो बुडाला की मासा लागला समजायचे. तोवर गप बसायचे. घरी मी गप बसत नाही, पण नदीवर तासभर बसतो.

आजोबा म्हणतात, "पूर्वी मरळ, वाम लई घावायची. आता नुसती चिलापी." चिलापी मूळची आफ्रिकेतली आहे. मुळा-मुठा नदी रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. तिच्यातून पुण्याचे सांडपाणी येते. उन्हाळ्यात पाण्याला वास येतो. तेव्हा आजोबा गळ टाकत नाहीत. नुसते पाण्याकडे बघत बसतात. मला लई वाईट वाटते.

बारका मासा लागला तर आम्ही परत सोडतो. मला आजोबांएवढा म्हातारा होईपर्यंत गळ टाकायचा आहे. म्हणून सर्वांनी नदी स्वच्छ ठेवावी.