लाल माठ

लाल माठ ताटात पडला की भाताची कड गुलाबी होते, आणि एरवी पालेभाजीला नाक मुरडणारी पोरंही तेवढ्यासाठी दोन घास जास्त जेवतात. लाल खाल्लं की रक्त वाढतं, असं घरोघरच्या आज्या सांगत आल्या. खरं तर हा रंग बीटाच्या रंगाच्या कुळातला, रक्ताच्या लालीशी त्याचं नातं नाही. तरीही माठ रक्ताच्या उपयोगी पडतो, तो वेगळ्याच वाटेनं.

माठ, पालक, मुळ्याचा पाला जमिनीतून नायट्रेट शोषून पानांत साठवतात. आपण ते खातो, ते रक्तात जातं, आणि लाळेच्या ग्रंथी त्यातला काही भाग वेचून पुन्हा तोंडात आणतात! जिभेच्या मागच्या भागात राहणारे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. आपण लाळ गिळतो, आणि पुढे शरीरात त्यातूनच नायट्रिक ऑक्साइड तयार होतं. गाड्यांच्या धुरातही असणारा हा वायू धमनीच्या भिंतीत मात्र निरोप्याचं काम करतो. काही क्षणच टिकतो, पण तेवढ्यात तिथले स्नायू सैलावतात, वाट रुंदावते, रक्त सुखानं पुढे जातं. हा निरोप्या ओळखणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना 1998 चं नोबेल मिळालं. परसातल्या वाफ्यापासून हृदयापर्यंतच्या या साखळीत जिभेवरचे जिवाणूही मोलाचे आहेत, हे मला फार लोभस वाटतं. जंतुनाशक औषधानं उठसूट चुळा भरल्या तर तेच मरतात.

नायट्रेट पाण्यात विरघळतं. म्हणून भाजी उकडून, पिळून पाणी मोरीत ओतलेलं मला बघवत नाही. कढईत झाकण ठेवून अंगच्या पाण्यावर माठ छान शिजतो.

फोडणीतला लसूणही ठेचून थोडा वेळ तसाच ठेवावा. पाकळी फुटली की तिच्यात वेगवेगळे राहिलेले दोन घटक भेटतात आणि तो झणझणीत ॲलिसिन जन्मतो. लगेच तेलात टाकला तर आचेनं ही भेट अर्धीच राहते.

घरात कुणाला रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी चालू असेल, तर मात्र जपावं. पालेभाजीतलं के जीवनसत्त्व त्या गोळीच्या विरुद्ध काम करतं. भाजी बंद करायची नाही. एक आठवडा भरभरून आणि दुसरा कोरडा, असं होऊ न देता प्रमाण सारखं ठेवायचं, आणि काय खातो ते डॉक्टरांना सांगायचं.